वामीचं मीठ

“वाम आजही अळणी!” मेव्हरौ टेर्प्स्त्रांनी डाव्या हातातला काटा ताटात आपटला. “गेल्या रविवारी खारट, आज मिठाचा पत्ताच नाही. या नेल्चेच्या हातचा हेरिंग मासा खाऊन माणूस बोटं चाटतो, आणि वामीला मात्र तिला मीठ कळत नाही. असं कसं?”

नेल्चे म्हणजे घरातली स्वयंपाकीण. रश्श्याचं भांडं हातात धरून ती दारात उभी होती. मी मेव्हरौंची, म्हणजे आमच्या डच बाईसाहेबांची नर्स. त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या ताटातल्या माशाचे काटे काढत होते.

“खरं आहे,” समोर बसलेला जर्मन कप्तान रीडेल म्हणाला. “हे माझ्याही ध्यानात आलं होतं. चमत्कारिक आहे, नाही?” असं म्हणून त्यानं आधी नेल्चेकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं असं मला वाटलं, आणि माझी पाचावर धारण बसली.

मिठावरून माणसाचा जीव जाऊ शकतो, हे आज कोणाला सांगून पटायचं नाही. पण ते त्रेचाळीस साल होतं, हॉलंडवर जर्मनांचा अंमल होता, आणि मी ज्यू होते.

अलिबागेकडचं मराठी बोलणारी बाई ज्यू कशी, असं पुष्कळांना वाटतं. आम्ही बेने इस्राएल. गावात आम्हाला शनिवार तेली म्हणत, कारण आमचे बापजादे तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत. माझं नाव शेगुला सॅमसन अष्टमकर. मुंबईत इस्पितळात नर्स होते. एका आजारी डच बाईला घरी पोचवायला म्हणून बोटीनं रॉटरडॅमला गेले. ती घरी पोचली आणि वारली. पाठोपाठ लढाई सुरू झाली आणि माझी परतीची बोट राहिली ती राहिलीच. मग शहरावर बॉम्ब पडले. खोली, ट्रंक, पासपोर्ट, सगळं जळालं. तेव्हा मी ढसाढसा रडले होते. त्याच आगीनं मला वाचवलं हे पुढं कळलं. नव्या कागदांसाठी नाव विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं, सगुणा शामराव अष्टमकर, हिंदू. अष्टमकर या आडनावात त्यांना काय सापडणार, कपाळ! आणि इंग्रजांवर चिडलेले हिंदी लोक आपले मित्र, अशी जर्मनांची त्या दिवसांत समजूत होती. म्हणून मला छावणीत टाकलं नाही. पोलिसात हजेरी द्यायची आणि गावाची वेस ओलांडायची नाही, एवढ्यावर भागलं. चर्चच्या मदत कचेरीनं मला या सरोवराकाठच्या गावी पाठवलं. मेव्हरौंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं, त्यांना नर्स हवी होती.

त्या घराच्या खिडकीतून रस्त्यावरचं सगळं दिसे. समोर साल्मन कापडवाल्यांचं दुकान होतं. आधी त्यांच्या कोटावर ज्यूंनी लावायचा पिवळा तारा आला. मग दुकानावरची पाटी गेली. मग एका सकाळी नवरा, बायको आणि म्हातारी सासू गाठोडी घेऊन फुटपाथवर उभी दिसली. सासूनं दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं, आणि किल्ली पोलिसाच्या हातात दिली. पूर्वेकडे कामाला नेतात, असं सगळे म्हणत. ऐंशीच्या घरातल्या म्हातारीला कसलं आलंय काम? मी पडदा ओढला आणि मेव्हरौंचा पाय चोळत बसले.

हे कमी होतं म्हणून की काय, त्या वर्षी कप्तान रीडेल आमच्याच घरात राहायला आला. पुढच्या दोन खोल्या त्यानं घेतल्या. लढाईआधी तो कुठल्याशा विद्यापीठात हिंदुस्थानच्या भाषा शिकवायचा. हिंदुस्थानात पाऊल टाकलेलं नव्हतं, पण मराठी यायची. कोणा पाद्र्याच्या जुन्या व्याकरणावरून शिकला होता. रोज सकाळी जिन्यात टाच जुळवून मला विचारायचा, “हे सद्गुणी स्त्रिये, आज वायु शीतल आहे किंवा नाही?” मला हसू फुटायचं आणि हसायची चोरी. अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी म्हणायची, “आहे हो, कप्तानसाहेब. फारच शीतल आहे.”

त्याला मी मिळाले म्हणजे खजिनाच सापडला होता. रविवारी जेवायला मी टेबलाला बसलंच पाहिजे, हा त्याचा हुकूम. जात विचारली तेव्हा मी सारस्वत म्हणून सांगितलं. ते मासे खातात, आणि हेरिंग मी तीन वर्षं मिटक्या मारत खाल्लेलं साऱ्या घरानं पाहिलं होतं.

अडचण होती ती वामीची. आपल्याकडे बोंबील तशी त्या गावाला वाम. सापासारखी लांब, गुळगुळीत, अंगावर खवला म्हणून दिसायचा नाही. आणि आमच्यात पर आणि खवले असतील तोच मासा खायचा, बाकीचा वर्ज्य. हेरिंग खवल्यांचं, ते चालायचं. फार जुन्या काळी आमच्या पूर्वजांचं गलबत कोकणच्या किनाऱ्याला फुटलं, पोथ्या बुडाल्या, भाषा गेली, सणवारांची नावंसुद्धा पुसट झाली. पण बिनखवल्याचा मासा आमच्या चुलीवर कधी चढला नाही.

जीव वाचवायचा असेल तर सगळं चालतं, हे मला ठाऊक होतं. आमचा धर्मच तसं सांगतो. पण माझं नाव गेलं होतं, शनिवार गेला होता, प्रार्थना पांघरुणात तोंड खुपसून म्हणावी लागत होती. एवढी एकच गोष्ट माझ्यापाशी उरली होती आणि ती मला सोडवत नव्हती. मेव्हरौंना भरवता भरवता माझं ताट तसंच राहायचं, मग मी ते “नंतर खाते” म्हणून मागच्या ओट्यावर न्यायची आणि मांजरीपुढं सरकवायची. टंचाईचे दिवस होते. आमची मांजर मात्र त्या गावातली सगळ्यांत धष्टपुष्ट बाई झाली होती.

नेल्चेची मला भीती वाटे. ती त्या वसंतात आली, चर्चच्या पाळकांच्या चिठ्ठीवर. तिशीची, मोठ्या हाडाची. गळ्यात क्रूस असा मिरवायची की जणू तोच तिचा पगार. जेवणाआधीची प्रार्थना एवढ्या मोठ्यानं म्हणायची की शेजारच्या घरानं आमेन म्हणावं. माझ्यावर तिची सारखी नजर असे. वाम शिजत आली की स्वयंपाकघरातून हाक यायची, “सिस्टर, जरा मीठ बघता का?”

“स्वयंपाकीण तू की मी?” मी म्हणायची. “तूच बघ.”

“मला सर्दी आहे, चव कळत नाही.”

“मला काम आहे.”

दर रविवारी हेच. मला वाटायचं, हिला माझा संशय आलाय, कप्तानानं सांगून ही माझी परीक्षा बघतेय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

तर त्या रविवारी कप्तान “चमत्कारिक आहे” म्हणाला, आणि पुढचा आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. पळून जायचं तर कुठं? माझ्या रंगाची दुसरी बाई त्या अख्ख्या जिल्ह्यात नव्हती. स्टेशनपर्यंतसुद्धा पोचले नसते. चार भिंती, त्यांच्याबाहेर गाव, गावाबाहेर पाणी, आणि घरात तो.

पुढच्या रविवारी कप्तान स्वतः मासळीच्या लिलावाला गेला आणि टोपलीभर मासे घेऊन आला. वाम होती, हेरिंग होतं, आणखीही काही होतं. टोपली नेल्चेच्या हातात देऊन म्हणाला, “आज वामीचा रस्सा. मन लावून कर.”

जेवायला बसलो. रस्सा आला, वाढून झाला. कप्तानानं नॅपकिन गळ्यात खोचला पण काटा उचलला नाही.

“मेव्हरौ,” तो म्हणाला, “सगुणाबाईंच्या देशातली एक गोष्ट सांगतो. एका जुन्या इंग्रजी पुस्तकात वाचली. कोकणच्या किनाऱ्यावर तेल्यांची एक जमात होती. आपण कोण, कुठले, हे ते लोक विसरून गेले होते. एकदा एक परदेशी ज्यू व्यापारी तिथं आला. हे आपल्यातलेच तर नाहीत, अशी त्याला शंका आली. त्यानं बाजारातून सगळ्या जातींचे मासे आणले, टोपली त्यांच्या बायकांपुढं ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी काय केलं? खवल्यांचे मासे घेतले, बिनखवल्याचे बाजूला काढले. विचारलं, का? म्हणाल्या, आम्ही हे खात नाही. झालं! ओळख पटली.” तो माझ्याकडे वळला आणि मराठीत म्हणाला, “सगुणाबाई, आपण त्या लोकांस पाहिले आहे काय?”

माझ्या आईनं मला हीच गोष्ट मांडीवर घेऊन सांगितली होती. तिच्या तोंडी त्या बायका शहाण्या होत्या. त्यांच्यामुळं आम्ही आम्हाला सापडलो.

“पाहिलंय ना,” मी म्हटलं. “आमच्या गावात त्यांचे घाणे होते. तेल चांगलं असायचं.”

“तोंड खोटं बोलतं, हात बोलत नाही,” कप्तान हसून म्हणाला. “मला हे फार आवडलं. म्हणून म्हटलं, गंमत म्हणून हं, आपल्या घरात वामीचं मीठ कोण चाखत नाही ते बघावं. नेल्चे! एक ताट घेऊन ये आणि इथं बस.”

तेव्हाही मला वाटत होतं, हा माझ्यासाठीच जाळं टाकतोय, नेल्चे म्हणजे नुसतं निमित्त. नेल्चे आली, माझ्यासमोर बसली. कप्तानानं स्वतःच्या हातानं वामीचा तुकडा तिच्या ताटात वाढला.

“खा,” तो म्हणाला.

तिनं काटा उचलला. तो ताटाच्या कडेवर टकटक वाजायला लागला. तिनं दुसऱ्या हातानं मनगट धरलं, तरी वाजत राहिला. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ते तोंड मी ओळखलं. तसंच तोंड मी रोज सकाळी आरशात बघत होते.

मिठाचं कोडं सुटलं. मी चाखत नव्हते, पण चाखणं हे माझं काम नव्हतं. तिचं ते काम होतं. आणि मांजर माझ्या एकटीच्या ताटावर एवढी लठ्ठ झाली नव्हती.

ती आता खाईल, मला वाटलं. खा ग बाई, एक घास गिळ. पण ती काट्यानं तुकडा नुसता उलटापालटा करत राहिली. तिनं तोंडात घातलं असतं तरी ते बाहेर आलं असतं. आणि कप्तानाचं हसू हळूहळू मावळत चाललं होतं. गंमत म्हणून त्यानं गळ टाकला होता, आणि आता त्याला काही तरी लागल्यासारखं वाटत होतं.

मी खुर्ची मागं ढकलून उठले.

“हे काय चाललंय?” मी मराठीत ओरडले. “कप्तानसाहेब, तुम्ही शिकले-सवरलेले! हिला माझ्या पंगतीला बसवता? मी सारस्वताची बाई, आणि ही भांडी घासणारी माझ्यासमोर बसून जेवणार? उठवा तिला! नाहीतर मी अन्नाला शिवणार नाही.” मग तेच डचमध्ये म्हटलं, तिच्याकडे बोट करून. “ही उठल्याशिवाय मी बसणार नाही. हिची सावली माझ्या ताटावर पडतेय.”

हा आवाज मी कुठून आणला ते मला पक्कं ठाऊक होतं. आमच्यातही गोरे आणि काळे असा भेद होता. माझी आई काळ्यांतली. लग्नाकार्यात तिला वेगळं बसवायचे. ज्या बाया तसं सांगायच्या त्यांचा आवाज माझ्या कानात होता. तो मी जन्मात वापरीन असं वाटलं नव्हतं.

मेव्हरौ माझ्याकडे बघतच राहिल्या. “सगुना! माझ्या घरात असं बोलायचं नाही!”

पण कप्तान? त्याचा चेहरा उजळला. “अहाहा!” तो म्हणाला. “पंक्तिभेद! मेव्हरौ, रागावू नका, हे फार प्राचीन आहे, फार शुद्ध आहे. हजारो वर्षं या लोकांनी आपलं रक्त असं जपलं. आपण आता कुठं शिकतोय.” तो उठला आणि त्यानं मला लवून नमस्कार केला. “क्षमा असावी. नेल्चे, ताट घेऊन आत जा. आतच खा.”

नेल्चे उठली. जाताना तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. थुंकली नाही एवढंच.

मी बसले. वाटलं, सुटलो. पण तो विद्वान होता, एवढ्यानं संपायचं नव्हतं.

“पण सगुणाबाई,” त्यानं डोळे बारीक केले, “स्वयंपाक तर तिच्याच हातचा. तो कसा चालतो?”

“आपद्धर्म,” मी म्हटलं. “परमुलखात अडकलेल्या माणसाला जगण्यासाठी जे करावं लागतं त्याचा दोष नाही.”

“आपद्धर्म!” त्यानं तो शब्द चघळला. “सुंदर. मग घ्या, जेवा.”

तो माझ्या हाताकडे बघत होता. तोंडाकडे नाही, हाताकडे. मी वामीचा मोठा तुकडा तोडला आणि तोंडात घातला. मऊ होती, लोण्यासारखी. चांगली लागली, आणि चांगली लागली याचाच मला जास्त संताप आला. मी दुसरा तुकडा घेतला, तिसरा घेतला, पावानं रस्सा पुसून खाल्ला. मनात म्हणत होते, आई, बघू नकोस.

“मीठ कसं आहे?” कप्तानानं विचारलं.

“कमी आहे,” मी म्हटलं.

जेवण झाल्यावर मी भांडी घेऊन आत गेले. नेल्चे मोरीपाशी पाठमोरी उभी होती. ताटातली वाम जशीच्या तशी होती आणि मांजर तिच्या पायाशी घोटाळत होती. पलीकडच्या खोलीत कप्तान ग्रामोफोनला चावी देत होता. दार उघडंच होतं.

“सिस्टर, ताटं तिथं ठेवा आणि जा,” ती मागं न वळता म्हणाली. “माझी सावली पडेल.”

काय सांगणार? भिंतींना कान होते, आणि त्या कानांना मराठी आणि डच दोन्ही कळत होतं. मी टोपलीतले उरलेले मासे ओट्यावर ओतले आणि निवडायला बसले. हेरिंग उजवीकडे. वाम डावीकडे. लहान पर्च, त्याला खवले असतात, उजवीकडे. पुन्हा वाम, डावीकडे. एकही शब्द न बोलता, एकेक मासा तिला दिसेलसा वर धरून ठेवत गेले.

कधी तरी ती वळली. आधी नुसती बघत राहिली. कप्तानाची गोष्ट तिनं दारातून ऐकलेली होतीच. तेल्यांच्या त्या बायका कोण, आणि त्यांच्यातली एक समोर बसलीय, हे तिच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. माझा रंग, माझी साडी. तिनं तरी कसं ओळखावं? मग तिचा हात पुढं आला. माझ्या उजवीकडच्या ढिगात घाईनं एक बारकी वाम जाऊन पडली होती. ती तिनं दोन बोटांनी उचलली आणि डावीकडे ठेवली.

मग आम्ही दोघी मोरीचा नळ मोठा सोडून रडलो.

“आईवडिलांना गेल्या उन्हाळ्यात नेलं,” ती पाण्याच्या आवाजात पुटपुटली. “पोलंडला म्हणतात. एक ओळसुद्धा आली नाही.” नाव तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जे माहीत नाही ते मारून मुटकूनही तोंडातून निघत नाही.

“मीठ चाखायला हवं,” मी म्हटलं.

“मला गिळवत नाही.”

“शिकशील. आज मी शिकले. एक रविवार मी, एक रविवार तू.”

पुढच्या रविवारी कप्तानानं पहिला घास घेतला आणि थांबला. मी मेव्हरौंच्या ताटातले काटे काढत होते. नेल्चे दारात भांडं घेऊन उभी होती.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “आज मीठ अगदी बरोबर आहे.” जरा हिरमुसलाच होता.

त्या घरात वामीचं मीठ पुन्हा चुकलं नाही. पुढच्या वर्षी कप्तानाची बदली झाली, पण जर्मन गेले नाहीत, आणि शेजारीपाजारी टपलेले होतेच. शेवटच्या हिवाळ्यात खायला काही उरलं नाही तेव्हा मिळेल ती वाम आम्ही डोक्यासकट खाल्ली. मांजर खंगून गेली. मेव्हरौंनी मला त्या पंगतीबद्दल क्षमा केली नव्हती. माझ्या हातून औषध घ्यायच्या, पण भरवून घ्यायला नेल्चेला बोलवायच्या.

मग एका वसंतातल्या सकाळी कॅनडाचे रणगाडे गावात शिरले. चर्चच्या घंटा थांबायचं नाव घेईनात. मेव्हरौंनी फर्मान सोडलं, आज वाम! आम्ही तिघी टेबलाला बसलो, एका पंगतीला. गळ्यातला क्रूस काढून ठेवला होता त्या बाईनं. सकाळीच स्वयंपाकघरात तिनं मला आपलं नाव सांगितलं होतं. सेलमा. मी तिला माझं सांगितलं. तिचे आईवडील परत येणार नाहीत, हे अजून आम्हाला कळायचं होतं. ती दारावर टकटक झाली की अजून उठून बघत होती.

मेव्हरौंनी पहिला घास घेतला. तोंड वाकडं केलं. आणि डाव्या हातातला काटा ताटात आपटला.

“वाम अळणी!”